एका खेळापुरतं माप

बुचाचा एक तुकडा. अंगठ्याएवढा, फुगलेला. नखाने दाबला की पेट्रोल सोडतो.

फळ्यांवर फिरणाऱ्या चाकांचा आवाज. तो आधी पायांतून येतो, कानांत नंतर.

"मॅडम, तुमच्याकडे विमान आहे का?"

खिडकीत जॅमची रिकामी बाटली. रिकामी म्हणजे जॅम नसलेली. आत दोन थर, आणि मधली रेघ पट्टीने ओढावी इतकी सरळ.

पत्र्याचं माप, कडेला चेपलेलं, कानाला सुतळी बांधलेली.

डाव्या पायाचा बूट. नाडी न सोडता कात्रीने कापलेला.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

हे सगळे एकाच गोष्टीचे सुटे भाग आहेत. मी मेकॅनिक आहे. आधी सगळं उघडून फडक्यावर मांडते, मग जोडायला घेते. डोकं तापलेलं असलं की जोडून झाल्यावर एखादा स्क्रू हातात उरतो. इथेही उरेल.

*

आमची विहीर लाकडाची आहे. तिच्यात पाणी नाही आणि ती जमिनीच्या वर आहे. उभ्या फळ्यांचा गोल, बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला. लोक बाहेरच्या जिन्याने चढतात, वरच्या कठड्यावर कोपरं टेकतात आणि आत बघतात. तळाशी माझी धाकटी बहीण मोटरसायकलला किक मारते. सगळे तिला धाकटीच म्हणतात, पोस्टरवरसुद्धा तेच छापलंय. तळाला फेरी घेते, तिरप्या फळ्यांवर चढते, आणि मग सरळ भिंतीवर. गाडी आडवी, धाकटी आडवी, आणि कठड्यावरच्या लोकांच्या कोपरांखाली वीतभर अंतरावरून तिचं चाक जातं.

वेग आहे तोवर भिंत धरून ठेवते. वेग गेला की भिंतीचा आणि तुमचा संबंध संपला.

मेळ्यात पाळणे असतात, नेमबाजीचं दुकान असतं, आणि अगदी टोकाला आम्ही असतो, कारण आमचा आवाज कुणाला शेजारी नको असतो.

गाडी आम्हा दोघींपेक्षा वयाने मोठी आहे. नवी का घेत नाही, असं शहाणे लोक विचारतात. तिचं आतलं चाक जड आहे, म्हणून मूठ स्थिर धरली की वेग हलत नाही. नव्या गाड्या उतावळ्या. तुम्ही शिंकलात तरी पळतात. भिंतीवर उतावळं काही चालत नाही.

आणि टाकीत फक्त एका खेळापुरतं पेट्रोल. हा आमच्या घरचा नियम. पडलं तर जळायला कमी असावं. त्यासाठी बाबांनी स्वतः पत्रा कापून माप बनवलं, आणि ते भरतात फक्त बाबा. त्या मापाला मीसुद्धा हात लावलेला नव्हता. इंजिन उतरवते, जोडते, कार्ब्युरेटरच्या पोटात हात घालते, पण माप बाबांचं. बाबा आता भिंतीवर चढत नाहीत. त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वळत नाही. माप ओततात, झाकण फिरवतात, टाकीवर दोन थापा मारतात आणि पाय ओढत जिना चढून माईकपाशी जातात.

"मंडळी! याच भिंतीवर, याच गाडीने मला दगा दिला! मी वर, आणि इंजिन बंद! हा पाय बघा! आणि आज त्याच गाडीवर, मंडळी, माझी स्वतःची मुलगी!"

मंडळी पाय बघतात. मग मुलीकडे बघतात. प्रत्येक खेळाला.

*

इथून राग सुरू.

मागच्या मुक्कामाला धाकटी वर असताना गाडी गुदमरली. धाकटीने ती कशीबशी तिरप्या फळ्यांपर्यंत उतरवली आणि तळाला आडवी केली. खरचटण्यावर भागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं खेळातलाच भाग.

बाबा जिना उतरून आले आणि म्हणाले, "मूठ सोडलीस."

"नाही सोडली, बाबा."

"वर गेल्यावर भीती वाटली, हात सैल पडला. होतं असं."

"गाडी गुदमरली. मला आवाज आला."

"नाचता येईना, अंगण वाकडं." मग माझ्याकडे वळून, "पुन्हा असं झालं तर हिला भिंतीवरून उतरवणार. कायमची. भ्यायलेलं माणूस भिंतीवर ठेवायचं नसतं. मरतं ते."

मी कार्ब्युरेटर उघडला. त्यात एक छोटी वाटी असते, वाटीत पेट्रोल, पेट्रोलवर बुचाचा फ्लोट तरंगतो. तो वर आला की पेट्रोल यायचं थांबतं. बुचाने पेट्रोल पिऊ नये म्हणून त्यावर लाखेचा थर दिलेला असतो. लाख कशात विरघळते ते कुठल्याही पॉलिशवाल्याला विचारा. स्पिरिटमध्ये. आणि आता पंपावर पेट्रोल म्हणून जे मिळतं त्यात ते स्पिरिटच मिसळलेलं असतं, इथेनॉल म्हणतात त्याला. आमच्या फ्लोटची लाख गेली होती. बूच दारुड्यासारखं पिऊन वाटीच्या तळाशी बसलं होतं. पेट्रोल येतच राहिलं, इंजिन बुडालं. नळी मऊ पडली होती, आणि आत सगळीकडे पांढरी साय.

बूच घेऊन मी बाबांसमोर गेले. "ही घ्या तिची भीती. दाबून बघा."

त्यांनी दाबलं नाही. "आमच्या वेळीही पेट्रोलच होतं," म्हणाले.

"नव्हतं ना! मी तेच सांगतेय! तुमच्या वेळी पेट्रोल होतं!"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. घर म्हणजे एक ट्रेलर, त्यात तीन खाटा. तिथे न बोलता राहायला कसब लागतं.

"धाकटे, तुझ्या ताईला सांग, पान्हा जागेवर ठेवत जा म्हणावं."

"धाकटे, तुझ्या बाबांना सांग, जागा त्यांनीच बदललीये म्हणावं."

"ऐकलं दोघांनी," धाकटी म्हणायची, आणि जेवत राहायची.

*

पितळेचा फ्लोट मी लेथवाल्याकडून बनवून घेतला. नळी बदलली. पण एक भोक बुजवलं की दुसरं. पेट्रोलच बदलायला हवं होतं.

पहिला पंप. भिंतीवर हिरव्या पानाचं मोठं चित्र.

"यात किती मिसळलंय?"

"मिसळलंय म्हणजे काय, मॅडम? वरून असंच येतं."

"बिनमिसळीचं कुठे मिळेल?"

"सगळीकडे हेच. हवा स्वच्छ होते यानं."

"त्या स्वच्छ हवेतून माझी बहीण खाली येते, दादा."

मागच्या माणसाने हॉर्न वाजवला.

दुसऱ्या पंपावर मी जॅमची बाटली काढली. तळाला थोडं पाणी, बाहेरून पाण्याच्या रेघेवर पेनाची खूण, वर पेट्रोल. झाकण लावून हलवायचं, थांबायचं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं. खालचा थर खुणेच्या वर चढला, की तेवढं काय ते तुम्ही पेट्रोलच्या भावाने विकत घेतलंय. माझी खूण तर बुडालीच. मी बाटली पंपवाल्याच्या नाकासमोर धरली. तो म्हणाला, "तुम्हीच पाणी घातलंत, मी बघितलं ना."

हवा स्वच्छ व्हावी, माझी काही हरकत नाही. नव्या गाड्यांनी खुशाल प्यावं, त्यांच्या नळ्या त्यासाठीच बनल्यात. पण एक नोझल, कोपऱ्यात एकच जुनं नोझल ठेवायला यांचं काय जात होतं? गवत कापणारे, फवारणीवाले, होडीवाले, आमच्यासारखे भिंतीवरचे, सगळे आपापल्या कार्ब्युरेटरमधली साय खरवडत बसलेत. आणि प्रत्येकाला वाटतंय, आपल्यालाच यंत्र सांभाळता येत नाही. तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे. यंत्र बिघडलं की दोष नेहमी ते धरणाऱ्या हाताचा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तक्रारीचा फोन:

"आपलं वाहन कोणत्या वर्षातलं आहे?"

सांगितलं.

"हे वर्ष आमच्या यादीत येत नाही."

"यायचं नाहीच."

"वाहनासोबतच्या पुस्तिकेत इंधनाबद्दल काय म्हटलंय?"

"पुस्तिका लिहिणारा मेला असेल आता. कंपनीही मेली."

"मग आपण कंपनीच्या अधिकृत केंद्राशी संपर्क—"

"मेली म्हटलं ना."

"आजच्या संभाषणाबद्दल आपण समाधानी असाल तर एक दाबा."

मी एक दाबला नाही. फोन आपटला, भिंतीवर.

मग छोट्या विमानांचा क्लब, शहराबाहेर. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, तुमच्याकडे विमान आहे का?"

"नाही. पण आमची गाडीही जमिनीवर नसते."

तो हसला. भला माणूस होता. म्हणाला, "आमच्याकडचं कॅनमध्ये देता येत नाही, आणि त्यात शिसं असतं, ते वेगळंच. बागकामाच्या यंत्रांच्या दुकानात विचारा. ते डबाबंद, बिनमिसळीचं मागवतात."

दुकानदार म्हणाला, मागवतो की. कधी येईल? मुक्काम हलल्यानंतर कधीतरी. त्याने मला चकचकीत रिकामा डबा दाखवला, नमुन्याचा. मी तो हातात धरून उभी राहिले. लोक सोनाराच्या काचेपुढे उभे राहतात तशी.

*

मिळत नसेल तर धुवायचं. बाटलीत जे होतं तेच मोठ्या कॅनमध्ये करायचं, बस. कॅनला तळाशी तोटी होती, पाण्याच्या कॅनला असते तशी. पेट्रोल, थोडं पाणी, झाकण घट्ट, खूप हलवायचं. मग स्टुलावर ठेवून द्यायचं, अर्धा दिवस. खाली पाणी आणि इथेनॉल बसतं, वर पेट्रोल. तोटी उघडून खालचं सगळं आधी वेगळ्या डब्यात काढायचं. मग येतं ते निव्वळ. ते दुसऱ्या, निळ्या कॅनमध्ये. बाबांना धाकटीकरवी एवढाच निरोप गेला, की माप भरायचं ते त्या निळ्या कॅनमधून.

जोर थोडा कमी होतो, पण जुन्या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. म्हाताऱ्यांना पचेल ते द्यावं.

पहिल्या खेळाला मी तळाला उभी होते. धाकटी वर गेली. आवाज एकसारखा. कुठे अडखळ नाही, खोकला नाही. ती कठड्याखालून गेली तेव्हा तिने एक हात सोडला, मग दुसराही, आणि दोन्ही हात पसरले. उतरल्यावर हेल्मेट काढून म्हणाली, "ताई, लोणी गं! लोणी!"

"तुझ्या बाबांना सांग."

"तूच सांग ना बाई एकदा. काय जातंय?"

"त्यांनी विचारलं तर सांगेन."

बाबांनी विचारलं नाही. त्यांना दिसत होतं की मी कॅन हलवते, स्टुलावर ठेवते. त्यांनी बघितलं आणि माईकची वायर गुंडाळत निघून गेले. मला वाटलं, जाऊ दे. भिंतच सांगेल त्यांना.

असे बरेच खेळ झाले. चांगले झाले.

*

त्या दिवशी दुपारी निळा कॅन संपला होता. मी नवा घाणा धुवायला लावला, भरपूर हलवला, सावलीत स्टुलावर ठेवला आणि लेथवाल्याकडे कार्ब्युरेटरच्या सुईचं टोक घासून घ्यायला गेले. खेळ संध्याकाळचा होता. तोवर खालचं पाणी काढून होणार होतं.

सहलीची एक बस लवकर आली. कठडा भरला. पाळणेवाला म्हणाला, "एक खेळ आत्ताच करून टाका की, परत जायचंय त्यांना." बाबा हो म्हणाले.

धाकटी म्हणाली, "ताई येऊ दे."

"ताई कशाला? माप मी भरतो." आणि खरंच, माप तेच भरत आलेत.

धाकटी मनगटाला पट्ट्या गुंडाळत बाहेर थांबली. बाबा एकटेच कॅनपाशी गेले. निळा कॅन रिकामा. शेजारी स्टुलावर भरलेला कॅन, त्याला तोटी. त्यांनी तोटीखाली माप धरलं.

मोठी टाकी पूर्ण भरायची पद्धत असती, तर कॅन उलटा करून ओतला असता, सगळं एकत्र गेलं असतं, गाडी तळालाच फुरफुरून मेली असती. पण आमच्याकडे एका खेळापुरतंच माप. कॅनच्या तळात जेवढं पाणी बसलं होतं, त्यात आमचं माप बरोबर भरलं. काठोकाठ. वर शोभेला पेट्रोलचा एक थेंब नाही. आणि वास? त्या पाण्याला वास पेट्रोलचाच येतो. मी नंतर घेऊन बघितलाय, कितीतरी वेळा.

झाकण. दोन थापा. जिना. "मंडळी, याच गाडीने मला दगा दिला!"

वाटीत आणि नळीत आधीच्या खेळातलं चांगलं पेट्रोल उरलं होतं. त्यावर गाडी सुरू झाली, तळाला फिरली, तिरप्या फळ्या चढली, भिंत चढली, थेट कठड्यापर्यंत गेली. मग ते संपलं.

मी गेटातून आत येत होते. पायांतला आवाज थांबला.

*

हाडांच्या दवाखान्यात लांब बाक असतात आणि बसलेल्या प्रत्येकाचं काहीतरी सरळ ठेवलेलं असतं. धाकटीचा डावा घोटा दोन ठिकाणी, आणि गळ्याखालचं हाड. नर्सने बूट कात्रीने कापला. तो बूट माझ्या मांडीवर होता.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

बाबा म्हणाले, "मूठ सोडली असणार तिने."

असणार.

मी उठले आणि मेळ्यात परत गेले. वाटी उघडली, आतलं जॅमच्या बाटलीत धरलं. उरलेलं टाकीतून काढलं. वरून थोडं पाणी ओतलं, हलवलं, ठेवलं. रेघ आलीच नाही. एकच थर, वरपासून खालपर्यंत. मग मी स्टुलाकडे बघितलं, तोटीकडे, तोटीखालच्या ओल्या मातीकडे, आणि सगळं एका दमात समजलं. बाटली घेऊन बस पकडली. रस्ताभर मी ती अशी धरली होती की शेजारची बाई सरकून बसली.

वॉर्डात धाकटी जागी होती. बाबा खाटेच्या पायथ्याशी.

मी बाटली त्यांच्यासमोर धरली. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी थेट बोलले. "हे तुमच्या मापातलं. रेघ शोधा यात."

त्यांनी बाटली घेतली. खिडकीकडे धरली. तिरकी केली, पुन्हा सरळ केली. "तोटीतून घेतलं मी," म्हणाले.

"खाली पाणी असतं. आधी काढावं लागतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत!"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"तुम्ही बोलत होतात?"

पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. धाकटीने डोळे मिटले. "धाकटे, यांना सांग," मी सुरुवात केली आणि तिने चांगला हात वर केला.

"मी आजपासून निरोप नेणार नाही. माझं हाड मोडलंय." मग डोळे न उघडता, "मूठ पूर्ण उघडली होती मी. शेवटपर्यंत. गाडी आलीच नाही बरोबर."

हे तिने मला सांगितलं. पण बाबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

बाबा बाटलीकडेच बघत होते. माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. ते बोलले असते तर बाबा त्या वॉर्डातून पाय ओढतसुद्धा बाहेर जाऊ शकले नसते. मी बूट खाटेखाली ठेवला आणि दातांवर दात दाबून पाणी आणायला गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दिसले नाहीत. माप जागेवर नव्हतं, बाटलीही नव्हती. मी त्यांना शोधत हिरव्या पानाच्या पंपावर पोचले.

ते नोझलच्या शेजारी उभे होते. मागे गाड्यांची रांग. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने माप पंपाच्या पत्र्यावर आपटत होते. पंपवाल्याने मॅनेजरला बोलावलं होतं.

"आजोबा, हे तर पाणी आहे."

"पाणीच आहे! का आहे? कुणामुळे आहे? लोकांना घरी बसून पेट्रोल धुवायची वेळ कुणी आणली?"

"आजोबा, धुवायला आम्ही सांगितलं नव्हतं."

खरं होतं. पंपाचा त्यात दोष नव्हता. होता. नव्हता. मी मध्ये पडले नाही. मला बरं वाटत होतं आणि बरं वाटण्याचा संतापही येत होता.

"माझी मुलगी वर होती," बाबा म्हणाले. "तिने मूठ सोडली नव्हती. पूर्ण उघडली होती. कळलं का तुम्हाला? तिने मूठ सोडली नव्हती!"

मॅनेजर म्हणाला, "बरं."

रांगेतले सगळे हॉर्न वाजवत होते. बाबांना मी दिसले. त्यांनी माप माझ्यापुढे धरलं. सुतळी बोटांत अडकली होती, ती सोडवायला वेळ लागला.

"हे तू भर यापुढे."

"हे जे आत्ता बोललात," मी म्हणाले, "ते तिला जाऊन सांगा. या मॅनेजरला काय करायचंय?"

"सांगेन."

"आत्ता."

"सांगेन म्हटलं ना!" असं माझ्यावर ओरडून ते पाय ओढत निघाले. दवाखाना डावीकडे होता. ते उजवीकडे वळले, मेळ्याकडे.

मी माप घेऊन उभी राहिले. पंपवाल्याने विचारलं, "मॅडम, भरायचंय का काही?"

वॉर्डात जिभेवर आलेलं ते वाक्य अजून तिथेच आहे. बाबा पडले तो खेळ मी तळाच्या दारातून बघितला होता. गाडी त्यांच्या पायावर आडवी पडल्यावरही इंजिन चालू होतं, आणि ते मी बंद केलं.